खेळाडू आमचा, मंडळ दुसऱ्यांचे

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद पटकाविले. महिला संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचे मूळ घर बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले. खेळ मात्र घडला तो पुण्याच्या परिसरात. मराठवाड्याला या यशाचा अभिमान वाटावा हे रास्तच आहे. परंतु त्या अभिमानाखाली एक अवघड प्रश्न दडलेला आहे. खेळाडू आमचे आणि त्यांना घडविणारी मंडळे दुसऱ्यांची, असे का व्हावे?

अजिंठ्याच्या आसपासच्या, सिल्लोड व सोयगाव तालुक्यांतील खेड्यांमधून येणारी मुले-मुली माझ्या वर्गात बसतात. लहानपणी कबड्डी किंवा खो-खो कोण कोण खेळले, असे एकदा विचारले तेव्हा जवळजवळ सर्व हात वर गेले. गावात नियमित चालणारे खेळाचे मंडळ कोणाकडे आहे, या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे हात बोटांवर मोजण्याइतके होते. आणि मुलींपैकी एकीचाही हात वर नव्हता. खेळ आहे, खेळणारे आहेत, खेळाला धरून ठेवणारी संस्था तेवढी नाही.

वस्तुतः या खेळांइतके कमी भांडवल लागणारे दुसरे काही क्वचितच असेल. पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागा पुरते; खो-खोला मैदान आणि दोन खुंट. मग टंचाई कशाची? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ती सार्वजनिक हिताच्या वस्तूची जुनीच अडचण आहे. रोज सायंकाळी मैदानावर पाणी मारणे, फक्कीने रेषा आखणे, लहानांना शिकविणे, जिल्हा संघटनेकडे संघाची नोंदणी करणे, स्पर्धेला जाताना भाडे जमविणे, ही कामे कोणी तरी केली तर लाभ सर्वांचा होतो. म्हणूनच ती करण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. मंडळ म्हणजे या कामांची वाटणी. ते नसेल तर गावातील उत्तम चढाईपटू जत्रेतल्या टाळ्यांपुरताच उरतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत त्याचे नाव पोहोचतच नाही.

ही उणीव आजची नव्हे. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ च्या सुमारास खो-खोच्या नियमांना तेथे आकार आला. त्याच १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांना हुतूतू दाखविला. कोल्हापुरात तालमींना शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला. मराठवाडा त्या काळी निजामी राजवटीत होता. तेथे सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांना सरकारी परवानगीचे जाचक निर्बंध होते. १९३८-३९ च्या सत्याग्रहामागील गाऱ्हाण्यांत त्यांचाही समावेश होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या समाजाला चार जणांनी एकत्र येण्याचीच चोरी होती, त्याच्याकडे मंडळे चालविण्याची परंपरा कोठून येणार?

परंतु निजामावर बोट ठेवून आपली सुटका करून घेण्याचे दिवस केव्हाच संपले. धाराशिवचेच उदाहरण पाहा. जिल्हा अवर्षणाचा, उद्योग बेताचे, निजामी वारसा आपल्यासारखाच. तरीही तेथे खो-खो रुजला, मुली मैदानावर टिकल्या आणि त्यांतून पुढे आलेल्या सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे एकाच मैदानावर मुलांना शिकविणारी माणसे तेथे होती, एवढाच काय तो फरक.

दूरचे उदाहरण आयर्लंडचे. इंग्रजांच्या अमलाखालील त्या देशात १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या लहानशा गावी गेलिक क्रीडा संघटना स्थापन झाली. हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे देशी खेळ तिने गावोगाव नेले. एका चर्चच्या परिसराला सामान्यतः एक क्लब, अशी तिची रचना आहे. राजधानीतील तिच्या क्रोक पार्क मैदानावर ८० हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात; तरी खेळाडूला वेतन मिळत नाही. तो आपल्या गावासाठी खेळतो. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. तरुण डब्लिनकडे निघून गेल्याने खेड्यांतील अनेक क्लबांना संघ पुरा करणे जड जाते. शिवाय ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्यांवरील बंदी उठविण्यास या संघटनेने १९७१ साल उजाडू दिले. गावाला बांधणारी संस्था काहींना बाहेरही ठेवू शकते, हा धडा अजिंठ्यासारख्या अनेक जाती-धर्मांच्या गावाने विसरू नये. मंडळ गावाचे हवे. आळीचे किंवा जातीचे नव्हे.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. तालुका क्रीडा संकुलांची योजना आली, गावोगाव व्यायामाची साधने बसली. औरंगाबादजवळ करोडी येथे होणार म्हणून गाजलेले क्रीडा विद्यापीठ मात्र २०२० च्या कायद्याने पुण्याच्या बालेवाडीत गेले. त्याबद्दल मराठवाड्याने रोष व्यक्त केला तो योग्यच होता. पण ते विद्यापीठ येथे आले असते तरी त्याच्या दाराशी पोहोचणारी वाट गावच्या मैदानातूनच निघाली असती. आपली शासकीय तरतूद भिंतींसाठी असते, माणसांसाठी नसते. इमारतीचे उद्घाटन होते, शिकविणाऱ्याच्या मानधनाचे होत नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवशी होणाऱ्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांचेही तेच. एका रात्रीच्या झगमगाटात जेवढा पैसा जातो, तेवढ्यात एखादे मंडळ वर्षभर चालेल.

कोणी म्हणेल, ज्या भागात कापूस-मक्याचा भाव पडला की घरखर्च कोलमडतो आणि दहावीनंतर मुलगा वाळूजच्या कारखान्याची वाट धरतो, तेथे खेळाची चैन कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण रिकाम्या सायंकाळीही समाजाला काही किंमत मोजावयास लावतात आणि ती पानटपरीवर, मोबाइलच्या पडद्यावर व जुगाराच्या अड्ड्यावर वसूल होत असते. सासरी जाईपर्यंत घर आणि शेत यांपलीकडे मुलीला हक्काची एकही जागा नसावी, ही तर त्याहून मोठी हानी होय.

उपाय खर्चिक नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. ते शाळा सुटल्यावर कुलपात न ठेवता मंडळाकडे सोपवावे. एका गावाला संघ पुरा होत नसेल तर चार-पाच गावांनी मिळून एक मंडळ करावे. अनुदान साधनांवर न देता शिकविणाऱ्याच्या मानधनासाठी द्यावे, तेही मुलींचा संघ चालू असेल तरच. आणि निवृत्त शिक्षक व माजी सैनिक यांनी आठवड्यातील तीन सायंकाळी गावाला द्याव्यात.

अजिंठ्याची लेणी कोणा एका राजाच्या खजिन्यातून कोरली गेली नाहीत. तेथील शिलालेखांत मंत्री वराहदेवाचे नाव आहे, तसे व्यापाऱ्यांचे आणि भिक्षूंचेही आहे. अनेकांनी आपापला वाटा उचलला म्हणून ते काम उभे राहिले. ती लेणी ज्यांच्या शेजारी आहेत त्या गावांना एक मैदान आणि दोन खुंट सांभाळता येऊ नयेत, हे पटण्यासारखे नाही.