ओटा कुणाच्या उंचीचा?

परवा आमची भिशी माझ्याकडे होती. चिठ्ठी निघाली, खिचडी-ताक झालं, सोन्याच्या भावावर बोलून झालं. मग मीच म्हटलं, ‘आज जरा वेगळं करू या. प्रत्येकीनं आपल्या घरातली एक आवडणारी आणि एक न आवडणारी गोष्ट सांगायची. अट एकच, उत्तर स्वतःचं हवं. “ह्यांना” काय आवडतं आणि मुलांना काय आवडतं, ते नको.’

आवडीच्या गोष्टी भराभर आल्या. कुणाला गच्ची आवडते, कारण उन्हाळ्यात कुरडया-सांडगे घालायला दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही. कुणाला गॅलरीतला झोपाळा. एका काकूंना जिन्याखालचं देवघर, ‘तिथे बसले की मला कुणी हाक मारत नाही,’ म्हणाल्या. आम्ही हसलो, पण नंतर ते वाक्य माझ्या मनात रेंगाळत राहिलं.

न आवडणाऱ्या गोष्टींची वेळ आली आणि एकदम शांतता. ‘तसं काही नाही गं, सगळं चांगलंच आहे,’ असं चौघी-पाचजणी म्हणाल्या. स्वतःच्या घराला नावं ठेवायची म्हणजे घर बांधणाऱ्याला नावं ठेवल्यासारखं वाटतं ना! सासऱ्यांनी पै-पै साठवून बांधलेलं, नाहीतर नवऱ्यानं कर्ज काढून घेतलेलं. त्यात आपण काय बोलायचं?

पण एकीनं तोंड उघडलं आणि मग पाटाचं पाणी सुटावं तसं झालं. एकीच्या घरात बाथरूमचं दार थेट हॉलमध्ये उघडतं. पाहुणे बसलेले असले की आंघोळ करून बाहेर कसं यायचं, हा तिचा बावीस वर्षांचा प्रश्न. एकीकडे कपडे वाळत घालायला जागा पुढेच आहे, म्हणून आतले कपडे टॉवेलखाली झाकून वाळवायचे. ते धड वाळत नाहीत, पावसाळ्यात तर कुबट वास येतो. एकीचा माळा इतका उंच, की दिवाळीचे डबे काढायला दर वेळी कुणाला तरी ‘येतोस का रे’ म्हणावं लागतं. नवीन लग्न झालेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आमच्या खोलीला दार नाही, पडदाच आहे.’ त्यावर कुणी हसलं नाही.

शेवटी नंबर आला माझ्या सुनेचा. ती आधी ‘नको, नको’ म्हणाली. मी आग्रह केला. मला वाटलं, म्हणेल काहीतरी भिंतीच्या रंगाबद्दल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आई, सांगू का? ओटा.’

खोटं कशाला सांगू, मला लागलं. कारण त्या घरात माझं म्हणून काही असेल, तर तो ओटा!

त्याची गोष्ट सांगायची, तर जरा मागे जावं लागेल. १९८६ साली मी लग्न होऊन वाईला आले, ती सासरच्या वाड्यात. हल्ली वाड्यांचं सगळ्यांना फार कौतुक. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. ‘स्वदेस’ सिनेमाचं चित्रीकरण तिथे झाल्यापासून तर बघायला येणाऱ्यांची रीघ असते. मलाही तो वाडा आवडतो. पण वाडा बघणं वेगळं आणि वाड्यात रांधणं वेगळं.

आमचा वाडा लहानसाच, पण रचना तीच. पुढे ओसरी, मग माजघर आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. ओसरीवर उजेड, वारा, येणारे-जाणारे, पानाचा डबा. माजघरात अर्धा अंधार. आणि स्वयंपाकघरात भिंतीत वर एक झरोका, त्यातून धूर जाईल तेवढा जाईल, उरलेला आमच्या डोळ्यांत. गॅससाठी नंबर लावलेला होता, तो यायला तीन वर्षं गेली. तोवर चूल, फुंकणी आणि पावसाळ्यात ओलं सरपण. वाईचा पाऊस काय असतो, ते तिकडच्यांना विचारा. सासूबाईंना रात्रभर खोकला यायचा. ‘हिची प्रकृतीच तशी,’ असं घरात सगळे म्हणायचे. तो धुराचा खोकला आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

२००५ मध्ये वाडा पाडला. त्या दिवशी घरातले पुरुष रडले. दीर तर ओसरीच्या खांबाला हात लावून उभे होते. सासूबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी उभ्या. मला नवल वाटलं. रात्री विचारलं, ‘तुम्हाला वाईट नाही वाटलं?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, ओसरी त्यांची होती. माझी ती परसातली पायरी. दुपारी भांडी झाली की तिच्यावर बसायचे घटकाभर. तिचं वाटलं हो वाईट.’

एवढ्या मोठ्या वाड्यात पन्नास वर्षांच्या संसारात एका बाईच्या वाट्याला एक पायरी!

त्यानंतर चार वर्षं भाड्याच्या घरात काढून २००९ मध्ये आम्ही गावाबाहेर प्लॉटवर स्वतःचं घर बांधलं. नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले. बघते तर पुढे हॉल, बाजूला गाडीची जागा, वर जाणारा जिना आणि उरलेल्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. खिडकी शेजारच्या भिंतीकडे. म्हणजे पन्नास वर्षांत चुलीचा गॅस झाला, पण स्वयंपाकघर मागचं ते मागेच! आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्याशी सगळ्यांसमोर वाद घातला. म्हटलं, ‘माझी खिडकी रस्त्याकडे हवी, आणि ओटा माझ्या उंचीचा.’ मिस्त्री म्हणाले, ‘वहिनी, आपण सगळीकडे चौतीस इंच करतो.’ मी चार फूट अकरा इंच. मी म्हटलं, ‘सगळीकडे करा. इथे एकतीस.’

झालं तसं. सासूबाई त्या घरात तीनच वर्षं राहिल्या. पण रोज सकाळी त्या खिडकीशी उभ्या राहायच्या. भाजी निवडता निवडता शाळेत जाणारी मुलं बघायच्या. म्हणायच्या, ‘सैपाक करताना रस्ता दिसतो, हे काय सुख आहे!’ मला त्या ओट्याचा आणि त्या खिडकीचा किती अभिमान असेल, हे आता तुमच्या लक्षात येईल.

२०१९ मध्ये सून आली. पाच फूट सात इंच. माझ्या ओट्यावर ती सहा वर्षं वाकून पोळ्या लाटतेय. पाठ दुखते म्हणून मलम चोळते, ते मी रोज बघत होते. आणि मी काय म्हणत होते ठाऊक आहे? ‘आजकालच्या मुलींना पाठीचं दुखणं फार. सवय नाही ना कामाची.’ म्हणजे सासूबाईंच्या खोकल्याबद्दल घरातले जे म्हणायचे, तेच मी हिच्या पाठीबद्दल म्हणत होते. फक्त शब्द वेगळे.

भिशी संपल्यावर मी तिला विचारलं, ‘इतकी वर्षं बोलली का नाहीस?’ ती म्हणाली, ‘आई, तो ओटा तुम्ही भांडून घेतलेला. मी कसं बोलणार?’

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. ‘आवडत नाही’ म्हणायलासुद्धा घर आपलं वाटावं लागतं. जिला आपण इथे पाहुणी आहोत असं आतून वाटतं, ती नावं ठेवत नाही, निभावून नेते. आणि आपण तिला ‘समजूतदार’ म्हणतो!

निभावून न्यायचं म्हणजे किती वेळ, तेही बघा. सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. आता जी व्यक्ती रोज पाच तास घराशी झटते, तिला घर बांधताना काय विचारतात? ‘टाइल्स कुठल्या रंगाच्या घ्यायच्या?’

खरं तर ओट्याचा हिशोब अवघड नाही. सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात दुमडायचा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली ओट्याची फरशी यावी. लाटायला आणि चिरायला तेवढी उंची बरी. गॅसची शेगडी स्वतःच काही इंच उंच असते, म्हणून ती बाजू थोडी खाली चालते. उलट भांडी घासताना हात सिंकच्या तळापर्यंत जातात, म्हणून सिंकची कड जरा वर हवी. खिडकीचंही तसंच. स्वयंपाकघराला निदान एक चौरस मीटरची, मोकळ्या जागेत उघडणारी खिडकी असावी, असं राष्ट्रीय इमारत संहितेतच म्हटलंय. म्हणजे आपण मागतो ती काही चैन नाही. नियमातलीच गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, ‘ओटा-खिडकीचं काय घेऊन बसलात? बायकांचे याहून मोठे प्रश्न आहेत.’ आहेतच. घर कुणाच्या नावावर, हा त्यातला सगळ्यात मोठा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला. देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला आणि वडील त्या तारखेला हयात असोत-नसोत, हा हक्क जन्मापासूनचाच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पंतप्रधान आवास योजनेतलं घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करण्यावर भर आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. कागदावर बरंच काही झालंय. पण आमच्या भिशीत मी विचारलं, ‘कुणाकुणाच्या घराच्या कागदावर आपलं नाव आहे?’ बाराजणींत तीन हात वर आले. त्यातला एक बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींचा, तिनं कर्जच स्वतः काढलेलं. माझा हात वर नव्हता. ओट्यासाठी भांडले, कागदासाठी भांडायचं सुचलंच नाही.

म्हणून मी म्हणते, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. जिचं नाव कागदावर नाही, तिचं मत नकाशावर येत नाही. आणि जिला ओटा किती उंच हवा हे कुणी विचारलं नाही, तिला घर कुणाच्या नावावर करायचं हे कोण विचारणार? लहान गोष्ट विचारायची सवय लागली, तर मोठी गोष्ट विचारताना जीभ अडखळत नाही.

आणि विचारायचं काम फक्त पुरुषांचं नाही, हे मला माझ्या ओट्यानं शिकवलं. ज्या बाईला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, तिला एकदा अधिकार मिळाला की तीही विचारायचं विसरते. ‘मी सोसलं, तर हिला काय झालं?’ असं उघडपणे म्हणत नाही आपण. ‘मी भांडून मिळवलं, आता हिनं आनंदानं वापरावं,’ असं म्हणतो. पण वाकावं तर तिलाच लागतं!

गेल्या आठवड्यात मिस्त्री आले. सगळा ओटा तोडायचा नाही, असं ठरवलं. सिंकची आणि खिडकीकडची बाजू सहा इंचांनी वर घेतली. ग्रॅनाइट काढलं, खाली विटांचा थर दिला, तीच फरशी पुन्हा बसवली. दोन दिवसांचं काम. गॅसची बाजू माझ्या उंचीची राहिली. मोजमाप घ्यायला सून स्वतः हात दुमडून उभी राहिली. मिस्त्री हसत म्हणाले, ‘एका घरात दोन उंचीचे ओटे? असं पहिल्यांदाच करतोय.’ मी म्हटलं, ‘एका घरात दोन उंचीच्या बायका पहिल्यांदाच आल्यात का?’

आता ती खिडकीशी सरळ उभी राहून पोळ्या लाटते आणि मी शेजारी त्या शेकते. तिच्या बाजूला गेले की मला टाचा उंच कराव्या लागतात. असू दे. त्या जागेवरून रस्ता आधीइतकाच छान दिसतो, ते तिच्या चेहऱ्यावरून कळतं.

कागदाचं मात्र अजून बाकी आहे. ह्यांच्याकडे विषय काढलाय. ‘बघू’ म्हणालेत. बघू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण यावेळी मी चहा ठेवून आत जाणार नाहीये.

तुम्हीही आज संध्याकाळी घरातल्या बायकांना विचारून बघा. सासूला विचारा, सुनेला विचारा, आईला विचारा: ‘या घरातलं तुला काय आवडत नाही?’ पहिलं उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. तिथे थांबू नका. पुन्हा विचारा.