नियम अंतराचे, दुखणे लांब क्लबचे

गोल्फचा चेंडू फार दूर जाऊ लागला आहे, ही चिंता या खेळाच्या दोन नियामक संस्थांना बऱ्याच वर्षांपासून सतावत आहे. अमेरिकेची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या त्या दोन संस्था. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. चाचणीतील क्लबचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैलांवर नेण्यात आला. चेंडूने गाठावयाची कमाल मर्यादा मात्र ३१७ यार्ड, वर ३ यार्डांची सवलत, अशी पूर्वीचीच ठेवली. त्या वेळच्या वेळापत्रकात व्यावसायिकांसाठी २०२८ आणि हौशी खेळाडूंसाठी २०३० हे वर्ष धरले होते. सर्वांत लांब फटके मारणारे यामुळे १३ ते १५ यार्ड गमावतील आणि हौशी खेळाडूला जेमतेम ५ यार्डांचा फटका बसेल, असा संस्थांचा अंदाज आहे.

या वादात एक गोष्ट नजरेआड होते. अमेरिकेतील पीजीए टूरवर ड्रायव्हरचा सरासरी फटका आता ३०० यार्डांच्या घरात आहे, तर हौशी पुरुष खेळाडूचा २१५ यार्डांच्या आसपास घुटमळतो. एकाचे दुखणे अंतर जास्त झाल्याचे, तर दुसऱ्याचे मुळात चेंडू धड उडत नसल्याचे. जगभरातील बहुसंख्य गोल्फपटू दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि त्यांची खरी अडचण चेंडूपेक्षा हातातल्या लांब क्लबमध्ये आहे. ड्रायव्हर, फेअरवे वूड आणि दोन, तीन, चार क्रमांकाची आयर्न म्हटली की भल्याभल्यांचे हात आखडतात.

याचे कारण मनगटाच्या ताकदीत शोधण्याची प्रथा आहे. ती बव्हंशी चुकीची आहे. क्लबचा दर्शनी भाग मागे किती कललेला आहे, याला लॉफ्ट म्हणतात. पिचिंग वेजचा लॉफ्ट सुमारे ४५ अंश, तर ड्रायव्हरचा ९ ते ११ अंश असतो. लॉफ्ट जास्त असला की चेंडूला उलटी फिरकी भरपूर मिळते. मग क्लबचे तोंड दोन अंश वाकडे राहिले तरी ती चूक त्या फिरकीत बरीचशी विरून जाते. लॉफ्ट कमी झाला की हे संरक्षण सुटते. तेवढ्याच वाकड्या तोंडामुळे फिरकीचा आस अधिक कलतो आणि चेंडू केळ्याच्या आकाराने उजवीकडच्या झाडीत शिरतो. वेजने सरळ जाणारा खेळाडू ड्रायव्हर हाती घेताच भरकटतो, तो असा.

त्यात लांबीची भर. वेजचा दांडा ३५-३६ इंचांचा, ड्रायव्हरचा ४५ इंचांहून थोडा अधिक. दांडा लांबला की खेळाडू चेंडूपासून दूर उभा राहतो, क्लबचा मार्ग सपाट होतो आणि नेमक्या मध्यबिंदूवर आघात साधणे अवघड होते. शिवाय दूर मारायचे या भावनेने खांदे आधी फिरतात, क्लब बाहेरून आत येतो आणि त्या वक्रतेत भर पडते.

त्याहून मोठा घोळ वेगाचा आहे. कमी लॉफ्टने चेंडू हवेत टिकवायचा तर वेग हवा. टूरवरील खेळाडूचा ड्रायव्हरचा वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो, सामान्य हौशी पुरुषाचा ९०-९५. या वेगात तीन क्रमांकाचे आणि चार क्रमांकाचे आयर्न जवळपास सारख्याच अंतरावर चेंडू टाकतात. चेंडू पुरेसा चढतच नाही. तो चढत नाही म्हणून खेळाडू त्याला खालून उचलू पाहतो. आयर्नचा फटका किंचित उतरत्या मार्गाने, आधी चेंडूला आणि मग गवताला लागायचा असतो. उचलण्याच्या नादात क्लब आधी जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या डोक्यावर आपटतो. गंमत अशी, की टीवर ठेवलेल्या चेंडूला ड्रायव्हरने थोडे चढत्या मार्गाने मारणे लाभाचे, आणि नेमके तिथे हौशी खेळाडू वरून घाव घालतो. दोन क्लबना दोन उलट रीती लागतात, पण सराव एकाच रीतीचा होतो.

क्लब निर्मात्यांनी यात आपली भर घातली आहे. काही दशकांपूर्वी सात क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असे. आता अनेक संचांत तो ३० अंशांवर किंवा त्याहून खाली आला आहे. सात नंबरने पूर्वीपेक्षा दूर जाते हे सांगून विक्री होते, पण प्रत्यक्षात तो जुना पाच नंबर असतो. याच हिशेबाने आजचा चार नंबर म्हणजे जुना दोन नंबर. क्रमांक सोपा, अवजार अवघड. क्लब-रचनाकार टॉम विशन यांनी यावरून ठोकताळा मांडला होता, की २४ अंशांपेक्षा कमी लॉफ्टचे आणि ३८ इंचांपेक्षा लांब आयर्न बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. नियमांनी ड्रायव्हरचे डोके ४६० घन सेंटीमीटरला आणि दांडा ४८ इंचांना थांबवला. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावण्याची मुभाही दिली. क्रमांकामागच्या लॉफ्टबाबत मात्र नियम काहीच बोलत नाहीत.

जॅक निक्लॉस यांनी १९७२ च्या अमेरिकन ओपनमध्ये पेबल बीचच्या सतराव्या होलवर एक क्रमांकाच्या आयर्नने मारलेला फटका आजही दाखवला जातो. ते कौशल्य अपवादात्मक होते आणि आता ते क्लबही दुकानांतून जवळपास नाहीसे झाले आहे. त्याची जागा हायब्रिडने घेतली. आयर्नसारखा आखूड दांडा, वूडसारखे खोल डोके आणि खाली सरकलेला गुरुत्वमध्य, त्यामुळे चेंडू कमी वेगातही चढतो. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उन याने टायगर वूड्सला मागे टाकताना शेवटच्या होलवर दोनशेहून अधिक यार्डांवरून हायब्रिडच वापरला होता.

भारतीय वाचकांना यातले सर्वांत बोलके उदाहरण अदिती अशोकचे आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ड्रायव्हरचे अंतर मोजले तर ती तळाच्या खेळाडूंत होती. इतर जणी आखूड आयर्नने ग्रीनवर चेंडू टाकत असताना तिला अनेकदा वूड किंवा हायब्रिड काढावा लागे. तरीही तीन फेऱ्यांअखेर ती दुसऱ्या स्थानी होती आणि अखेर एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. तिच्या पटिंगचे कौतुक तेव्हा खूप झाले, ते रास्तच. पण लांब क्लब सरळ आणि उंच मारण्याची तिची हातोटी फारशी चर्चिली गेली नाही.

हौशी खेळाडूंनी मात्र याचा निर्णय स्वतःच घेतलेला दिसतो. नियमाने १४ क्लबांची मुभा आहे. पूर्वी त्यात तीन, चार नंबरचे आयर्न हमखास असे. आता अनेक संच पाच किंवा सहा नंबरपासूनच सुरू होतात आणि वरच्या मोकळ्या जागी हायब्रिड आणि सात नंबरचा वूड येऊन बसले आहेत.