शरीर म्हणे यंत्र!

‘शरीर म्हणजे एक यंत्रच हो!’ असं कोणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. (यंत्राचं फिरतं ते चाक. डोकं फिरायला माणूसच लागतो.)

हे खूळ जुनं आहे. 1637 साली देकार्त या तत्त्वज्ञानं तमाम जनावरांना यंत्रांच्या पंगतीला बसवलं. पुढं 1739 मध्ये व्होकान्साँ नावाच्या फ्रेंच कारागिरानं धातूचं बदक केलं. ते दाणे टिपायचं आणि मागाहून रीतसर घाणही करायचं! पॅरिस थक्क झालं. पुढं उघडकीला आलं, की दाणे एका कप्प्यात तसेच पडायचे आणि मागचा माल दुसऱ्या कप्प्यात आधीच भरलेला असायचा. म्हणजे पचन सोडून सगळं होतं!

आणि खरी गोम पचनातच आहे. आपण वरणभात खातो, त्याचं रक्त होतं. त्यातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवसांत मरतात आणि शरीर नव्या घडवत राहतं. स्कूटर पेट्रोल पिऊन पळेल. पण त्या पेट्रोलचा एक स्क्रू तरी करून दाखवेल? शिवाय यंत्र बंद करून दुरुस्त करतात. आपली दुरुस्ती चालू असेपर्यंतच. एकदा बंद पडलो, की कोणता मेकॅनिक हात लावतो?

माणसाला यंत्र म्हटलं, की भंगाराचा भाव आलाच. घरातल्या म्हाताऱ्यांकडे मग त्याच नजरेनं बघितलं जातं. म्हणून सांगतो, मला एक वेळ गाढव म्हणा. गाढव निदान गवताचं गाढव तरी करतं!