भिजलेलं धान्य वर ठेवा

गडमुडशिंगीतला एक मित्र जुनी गाडी घेतोय. तपासून घे म्हटलं, तर म्हणाला, ‘‘एजंट आपल्यातलाच आहे, नमाजी आहे. विचारायचं कसं?’’

कोल्हापूरने 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलाय. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. आरसीवर पुराची नोंद नसते. पीयूसी फक्त धूर तपासते. खासगी गाडीची आरटीओ तपासणी थेट पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. म्हणून सर्व्हिसचा इतिहास आणि विम्याचे क्लेम मागायलाच हवेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाळाचे डाग तिथे सापडू शकतात.

यात कुणाच्या इमानावर संशय नाही. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, असंही बजावलं.

म्हणजे नमाजी विक्रेत्याने तर कागद न मागताच पुढे ठेवावेत. आणि घेणाऱ्याने ढिगात हात घालायला लाजू नये.