हौद एक, गिलावा किती?



गोठ्याजवळ हौद बांधून झाला, की गिलाव्याच्या मापावरून घरमालक आणि गवंडी यांच्यात बरेचदा कुरबुर होते. ती टाळायची तर पृष्ठफळ म्हणजे काय, एवढे समजून घ्यावे.

काडेपेटीतला काड्यांचा खण बाहेर काढा. एक तळ आणि चार भिंती. वर काही नाही. चारही भिंती उलगडून तळाशेजारी सपाट पसरा. आता जेवढी जागा व्यापली, तेवढे त्या खणाचे आतले पृष्ठफळ. आपला हौद म्हणजे हाच खण, फक्त मोठा.

समजा, हौद आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ४ फूट खोल आहे. तळ झाला ६० चौरस फूट. लांबीच्या दोन भिंती प्रत्येकी ४०, म्हणजे ८०. रुंदीच्या दोन प्रत्येकी २४, म्हणजे ४८. एकूण १८८ चौरस फूट.

शाळेत जाणारी मुलगी पुस्तकातल्या सूत्राने २४८ सांगेल. सूत्र खोटे नाही; पण ते सहा बाजूंच्या बंद पेटीचे आहे. हौदाला झाकण नाही. मग न केलेल्या ६० चौरस फुटांची मजुरी का द्यावी?

दुसरा घोटाळा ‘ब्रास’चा. वाळूचा ब्रास १०० घनफूट, गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फूट. पहिला पोटात किती मावते ते सांगतो, दुसरा अंगावर किती चढते ते. नाव एक, पण मापे दोन!

आता घरातून सूचना येते, “मधे आडभिंत घाला, एकीकडे गुरांचे पाणी, दुसरीकडे धुण्याचे.” सूचना चांगली, पण आडभिंतीला दोन अंगे असतात. ६ फूट बाय ४ फुटांची भिंत, दोन्ही बाजू धरून ४८ चौरस फूट. गिलावा गेला २३६ वर. पाणी मात्र वाढले नाही. उलट भिंतीच्या जाडीइतके कमीच झाले. एका वस्तूचे भाग पाडले, की पृष्ठफळ वाढते. गुळाचा खडा फोडला की लवकर विरघळतो, तो याचमुळे.

तेव्हा आडभिंत घालायची की नाही, हे आधी ठरवा. मग टेप देऊन मुलांना कोरड्या हौदात उतरवा. मापे त्यांनीच घ्यावीत, वहीत मांडावीत आणि गवंड्यासमोर वाचून दाखवावीत. हिशेब चोख होईल आणि पोरांचे गणितही पक्के होईल.