संगणकाला कसं कळतं की हा माऊसच आहे?



'माऊस हे इनपुट साधन आहे' हे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढे जातो. मला हे पटत नाही. परवा चौथीतल्या एकाने वरचा प्रश्न विचारला. नुसत्या व्याख्येत त्याचं उत्तर नाही.

यूएसबी साधन जोडलं की ते हबला कळतं. मग ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कामाला लागतो. नवीन साधन आधी शून्य या पत्त्यावर उत्तर देतं. नव्या प्रवेशाच्या मुलाला हजेरी क्रमांक नसतो ना, तसंच. मग त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. पुढे विचारपूस: कोणत्या कंपनीचं, कोणत्या प्रकारचं? साधन स्वतःची माहिती सांगतं आणि त्यावरून कर्नल ड्रायव्हर निवडतो.

पेनड्राइव्हच्या बाबतीत तर हे माहीत हवंच. 'कॉपी झालं' असं दिसलं तरी काही मजकूर अजून संगणकाच्या मेमरीतच असू शकतो. मागच्या वर्षी मी घाईत पेनड्राइव्ह ओढला आणि गुणांची फाइल उघडेचना. रात्री जागून सगळी परत भरली! 'सेफली रिमूव्ह' म्हणजे राहिलेलं आधी लिहून घ्यायला लावणं. आपण मुलांना ते नुसता नियम म्हणून सांगतो.

त्यापेक्षा एक तास हा हजेरीचा खेळ घ्या. एक मूल कर्नल, बाकीचे कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. आमच्याकडे प्रिंटर झालेली मुलगी ड्रायव्हर मिळेना म्हणून रुसून बसली होती.