पहिले पाच किलोमीटर

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन पळाले. अंतर 21.1 किलोमीटर. पहिले पाच किलोमीटर इतक्या जोरात पळाले की माझं मलाच कौतुक वाटलं. पंधराव्या किलोमीटरला पाय दगडासारखे जड झाले. उरलेलं अंतर बहुतेक चालतच गेले. सुरुवातीला ज्यांना मी मागे टाकलं होतं, त्यातल्या पन्नाशीच्या एक बाई मला शांतपणे ओलांडून गेल्या. जाताना हसून म्हणाल्या, "चल की गे!"

घरी आल्यावर लक्षात आलं, नेटच्या अभ्यासाचंही माझं हेच झालं होतं. रोज बारा तासांचं रंगीत वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. नऊ दिवस पाळलं. दहाव्या दिवशी पुस्तक उघडलं नाही, आणि मग महिनाभर उघडलंच नाही. तेव्हा मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले. आज वाटतं, चूक दहाव्या दिवसाची नव्हती, पहिल्या नऊ दिवसांची होती.

शिस्त म्हणजे जीव तोडून करणं, असं आपण धरून चालतो. लांब पल्ल्याची शर्यत नेमकं उलटं शिकवते. अंगात ताकद असताना ती राखून ठेवणं, ही खरी शिस्त. त्याला साधं शारीरिक कारण आहे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन मर्यादित असतं आणि वेग वाढवला की ते झपाट्यानं संपतं. म्हणूनच अनेक मॅरेथॉनपटू तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोलमडतात.

केनियाचा एलिउड किपचोगे 2019 मध्ये व्हिएन्नात 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत पळाला. वेग राखण्यासाठी आळीपाळीनं सोबत धावणारे 41 जण होते, त्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. पण मला त्यातला आकडा वेगळाच आवडतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास प्रत्येक किलोमीटर 2 मिनिटे 50 सेकंदांच्या आगेमागे. सुरुवातीला उत्साह नाही, मध्ये कंटाळा नाही. हाच किपचोगे 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात निवडला गेला नव्हता. पुढच्या वर्षी तो मॅरेथॉनकडे वळला आणि नंतर दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकला.

कुणी म्हणेल, हळू चालणं ही ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांची चैन. मलाही तसंच वाटायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या बेळगावातच आहे आणि भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. माझा एक वर्गमित्र त्यातलाच. त्याला 1600 मीटर पळायचंय, वयाची अट आहे, घरचे वाट बघताहेत. त्याला मी कुठल्या तोंडानं 'सावकाश' सांगणार? म्हणून विचारलंच. तो म्हणाला, "रोज फुल स्पीडनं पळालो तर आठवड्यात पाय जातोय बघ. दोनच दिवस टाइम लावून पळतो. बाकीचे दिवस सावकाश."

ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ आहे, तोच सगळ्यात जपून पळतोय. माझा मुद्दा मला तिथं पटला.

रविवारी मी पळत नाही. सकाळी मिस्सा, मग घरची कामं, दुपारी झोप. आधी त्याचं अपराधी वाटायचं. गंमत म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती आम्हाला लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली होती, पण ती पटायला पोटऱ्या दुखाव्या लागल्या.

आता नवं वर्ष सुरू झालंय. आपल्यापैकी बरेच जण वेळापत्रक करत असतील. कुणाला स्पर्धा परीक्षा द्यायचीय, कुणाला कादंबरी लिहायचीय. माझं सांगणं एवढंच : वेळापत्रक लिहून झालं की त्यातले निम्मे तास खोडा. उरलेले मात्र सोडू नका, पाऊस असो की घरात लग्न.

मी रोज दोन तास अभ्यास करते आणि आणखी करावासा वाटला तरी उठते. परीक्षेत काय होईल ते पुढे कळेल. सध्या चौथा महिना चालू आहे आणि पुस्तक अजून उघडं आहे.